पिकअपमध्ये दुसरी बॅटरी बसवताना: कोकणातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डबल कॅब पिकअपमध्ये गेली काही वर्षं दुसरी बॅटरी आहे. गाव गुहागर तालुक्यात, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. फेब्रुवारी ते मे ही गाडी रात्री सड्यावर (गावावरच्या कातळाच्या माळावर) आंब्याच्या कलमांच्या राखणीला उभी असते, पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलातून जाते आणि महिन्यातून एकदोनदा कुंभार्ली घाट चढते. गाडी बघणारे लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. सगळा हिशेब १२ व्होल्टच्या डिझेल पिकअपचा आहे. व्ही-क्रॉस, हायलक्स, बोलेरो कॅम्पर, जुनी झेनॉन अशा गाड्या डोळ्यांसमोर आहेत.

दुसरी बॅटरी हवीच कशाला? एकच मोठी लावली तर चालणार नाही का?

नाही चालणार, कारण दोघींची कामं वेगळी आहेत. सेल्फ मारायला डिझेल गाडीला काही सेकंद २०० ते ४०० अँपिअर लागतात. त्यासाठी स्टार्टरच्या बॅटरीत पातळ पत्र्याच्या पुष्कळ प्लेटा असतात. एकदम जोर द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून) भरून घ्यायचं, एवढंच तिला जमतं. तिच्यावर रात्रभर फ्रिज आणि दिवे चालवले की ती उतरते, आणि अशी दहावीस वेळा पूर्ण उतरली की कायमची कामातून जाते. डीप सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड असतात, ती हळूहळू रिकामी व्हायलाच बनवलेली असते.

एकच मोठी बॅटरी लावली तर ती उशिरा उतरेल, पण उतरेलच. मग पहाटे चारला सड्यावर गाडी ढकलायला कोण येणार? दुसरी बॅटरी वेगळी ठेवण्याचं खरं कारण हेच. रात्री काहीही वापरा, सकाळच्या सेल्फला धक्का लागता कामा नये.

मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या असतातच. तसंच का हे?

नाही. तिथे १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडून २४ व्होल्ट करतात. आपली गाडी १२ व्होल्टची आहे. तिला तशी जोडणी केली तर ईसीएमपासून (इंजिनाच्या संगणकापासून) दिव्यांपर्यंत सगळं जळेल. आपल्याकडे दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच राहतात, फक्त मध्ये एक दार असतं.

मला किती अँपिअर-अवरची बॅटरी लागेल?

एक अँपिअर तासभर वापरला की एक अँपिअर-अवर. आधी वही घ्या आणि रात्रीत काय काय चालणार ते लिहा. आमचा हिशेब देतो.

४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो. एप्रिलच्या उकाड्यात तो निम्मा वेळ चालूच असतो, म्हणजे सरासरी २ अँपिअर, चोवीस तासांचे ४८ अँपिअर-अवर. १० वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास जळले तर ८. १२ व्होल्टचा छोटा पंखा रात्रभर चालला तर १०. दोन मोबाइल आणि हातातला टॉर्च चार्ज करायला ४. बेरीज ७०.

आता लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवायची नसते. म्हणजे ७० वापरायचे असतील तर १४० अँपिअर-अवरची हवी. लिथियम फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत बिनघोर वापरता येते, तिथे १०० ची पुरते. फ्रिज नसेल, नुसते दिवे आणि मोबाइल असतील, तर ४०-५० अँपिअर-अवरची एजीएम (ॲसिड न सांडणारी लेड-ॲसिड) भरपूर झाली. उगाच मोठी घेऊन हौद्यातलं वजन वाढवू नका.

फवारणीचा १२ व्होल्टचा पंप लावणार असाल तर तो वेगळा धरा. चालू असताना असे पंप ५ ते ८ अँपिअर ओढतात.

एजीएम घेऊ, जेल घेऊ की लिथियम?

जेल विसरा. तिला चार्जिंगचे व्होल्ट फार काटेकोर लागतात आणि गाडीत ते सांभाळणं कटकटीचं होतं.

एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. ती सांडत नाही, आडवीतिडवी हलली तरी तक्रार करत नाही आणि साध्या अल्टरनेटरवर जमवून घेते. दोष म्हणजे वजन. १०० अँपिअर-अवरची एजीएम २८ ते ३० किलो भरते.

लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, तेवढ्याच क्षमतेला ११ ते १३ किलोत येते. चांगली असेल तर २,००० हून जास्त वेळा भरते-उतरते आणि शेवटपर्यंत व्होल्ट जवळपास तेवढेच देते. थंडीत शून्याखाली ती चार्ज करता येत नाही, पण आपल्याला त्याची काळजी नाही. आपली काळजी उलट आहे. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचं बीएमएस (बॅटरीच्या आतलं, तिची राखण करणारं सर्किट) ४५ ते ५५ अंशांच्या पुढे चार्जिंग बंद करतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बंद पेटीत तेवढं तापमान सहज होतं. लिथियम घ्यायची तर बॉनेटखाली मुळीच ठेवायची नाही, आणि पेटीला हवा खेळती ठेवायची.

माझं मत विचाराल तर, महिन्यातून एकदोन रात्री बाहेर असाल तर एजीएम. रोज रात्री फ्रिज चालणार असेल, मासळीचा किंवा दुधाचा धंदा असेल, तर लिथियमचे पैसे वसूल होतात.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. ती लावली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. लावू नका. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर ५५-६० किलोची, उंच आणि पातळ ॲसिडने भरलेली असते. ती घराच्या कोपऱ्यात न हलता उभी राहण्यासाठी बनवलेली आहे. घाटाच्या वळणांवर ॲसिड हिंदकळून झाकणांतून बाहेर येतं, हौद्याचा पत्रा खातं, आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बंद जागेत साठला तर एका ठिणगीत स्फोट होतो. फुकटची बॅटरी महाग पडते.

दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या कशा?

तीन रस्ते आहेत.

पहिला, हाताने फिरवायचा स्विच. स्वस्त आणि टिकाऊ. पण गाडी बंद केल्यावर तो बंद करायला माणूस विसरतो, आणि विसरला की दोन्ही बॅटऱ्या एकत्र उतरतात. मग दुसरी बसवून उपयोग काय?

दुसरा, व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले, ज्याला सगळे व्हीएसआर म्हणतात. इंजिन चालू झालं, पहिली बॅटरी १३.३ व्होल्टच्या आसपास गेली की तो दोघींना जोडतो. इंजिन बंद झालं आणि व्होल्ट १२.८ च्या खाली आले की तोडतो. साधा अल्टरनेटर आणि दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या असतील तर हा उत्तम. आमच्या जुन्या गाडीत हाच होता आणि एकदाही दगा दिला नाही.

तिसरा, डीसी-डीसी चार्जर. अल्टरनेटरकडून येईल ते व्होल्ट घेतो आणि दुसऱ्या बॅटरीला हवे तेच देतो. एजीएमला १४.४ ते १४.७, लिथियमला १४.२ ते १४.६, भरत आली की कमी. स्मार्ट अल्टरनेटर (गाडीचा संगणक ज्याचे व्होल्ट कमीजास्त करतो असा) किंवा लिथियम बॅटरी, यांतलं एक जरी असलं तरी डीसी-डीसीला पर्याय नाही. लिथियमचा आतला अडथळा इतका कमी असतो की व्हीएसआरवर थेट जोडली तर ती अल्टरनेटर देईल तेवढा सगळा करंट ओढत राहते. घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलला असतं, पंखा हळू फिरतो आणि अल्टरनेटर तापून जळतो.

माझा अल्टरनेटर स्मार्ट आहे हे कसं ओळखायचं?

साधा मल्टीमीटर घ्या. थंड इंजिन सुरू करून बॅटरीवर व्होल्ट बघा. मग वीस मिनिटं गाडी चालवा आणि इंजिन बंद न करता पुन्हा बघा. एकदा दिवे लावून, एकदा बंद करून. सगळीकडे १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर साधा. गाडी तापल्यावर १२.५-१३ वर उतरत असेल, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर एकदम १४.८ च्या वर उडी मारत असेल, तर स्मार्ट. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत ही शक्यता जास्त, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर न जाता मोजून बघाच.

आणखी एक खूण आहे. पहिल्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर प्लास्टिकचा छोटा ठोकळा आणि त्यातून निघणारी बारीक वायर दिसली तर तो बॅटरी सेन्सर आहे. अशा गाडीत कुठलीही नवी निगेटिव्ह वायर थेट त्या टर्मिनलला लावायची नाही. ती चेसिसला लावायची, म्हणजे सेन्सरला करंटचा खरा हिशेब कळत राहतो.

बॅटरी बसवायची कुठे?

बॉनेटखाली जागा दिसते म्हणून लोक तिथे बसवतात. तिथली उष्णता बॅटरीची शत्रू आहे. लेड-ॲसिडचं साधारण गणित असं की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. तरी एजीएम ठेवायचीच असेल तर एक्झॉस्टच्या उलट बाजूला, मध्ये पत्र्याचा आडोसा देऊन.

डबल कॅबमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागची जागा लिथियमला चांगली. हौद्यात ठेवणार असाल तर केबिनच्या बाजूला, तळापासून निदान चार बोटं वर उचललेल्या पेटीत. हौद्यात पाणी साचतं, मासळीच्या टोपल्यांतून खारं पाणी गळतं. तळाला टेकलेली पेटी एका पावसाळ्यात आतून सडते.

आणि बांधणी पक्की करा. ३० किलोची वस्तू दोरीने किंवा बंजीने बांधायची नसते. अँगलचा ट्रे, वरून पट्टी, आरपार ८ एमएमचे बोल्ट आणि खालून रुंद वॉशर. गाडी उलटली तरी बॅटरी जागची हलू नये, इतकं घट्ट.

वायर किती जाड घ्यायची?

इथे पैसे वाचवणारे सगळ्यात जास्त फसतात. वायर गरम होते का एवढंच बघून चालत नाही. वाटेत किती व्होल्ट गळतात ते बघावं लागतं.

पहिल्या बॅटरीपासून हौद्यापर्यंत ५ मीटर धरा. जायची आणि यायची मिळून १० मीटर. करंट २५ अँपिअर. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तर वाटेतच ०.८ व्होल्ट संपतात. म्हणजे अल्टरनेटरकडे १४.२ असले तरी बॅटरीला १३.४ मिळतात, आणि व्हीएसआर लावलेला असेल तर तेवढ्यात एजीएम कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट साचतं आणि वर्षभरात बॅटरी मरते. दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला जातो. १० स्क्वेअर एमएमला ०.५ व्होल्ट जातात, १६ ला ०.३. आम्ही १६ वापरतो. डीसी-डीसी चार्जरला थोडी कमी जाड चालून जाते, कारण तो व्होल्ट वाढवून देतो. पण तोही त्या बदल्यात जास्त करंट ओढतो, म्हणून १० च्या खाली उतरू नका.

वायर तांब्याचीच आहे ना, हे कापून बघा. आतले तंतू चाकूने खरवडल्यावर पांढरे दिसले तर दोन शक्यता असतात. एकतर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, तेव्हा परत करा. नाहीतर कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं आहे, मग तर सोन्याहून पिवळं. फरक ओळखायला आणखी खरवडा. कथिलाखाली लालसर तांबं निघतं, ॲल्युमिनियम आतपर्यंत पांढरंच असतं.

फ्यूज किती आणि कुठे?

दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हजवळ एकेक, टर्मिनलपासून वीतभराच्या आत. २५ अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरला ४० चा फ्यूज ठीक. फ्यूज उपकरणाला वाचवत नाही, वायरला वाचवतो. म्हणून त्याचा आकडा वायर किती सोसते त्यापेक्षा कमी हवा.

"एका टोकाला लावला आहे ना" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मलाही एका गॅरेजने तेच सांगितलं होतं. त्यांनी पहिल्या बॅटरीजवळ फ्यूज लावला, दुसरीजवळ लावला नाही, आणि इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून वायर रबरी ग्रोमेटशिवाय ओढली. आठ महिन्यांनी कुंभार्ली उतरताना, रात्री, डॅशबोर्डखालून धूर आला. पत्र्याच्या कडेने वायरचं आवरण कापलं होतं. पहिल्या बाजूचा फ्यूज उडाला, पण मागच्या भरलेल्या बॅटरीकडून त्याच वायरमध्ये करंट येतच राहिला, कारण त्या टोकाला अडवायला काहीच नव्हतं. मागच्या सीटवर माझी आई आणि दोन भाचे होते. पाना हाताशी होता म्हणून मागची निगेटिव्ह काढता आली. तेव्हापासून मी वायर दोन्ही बॅटऱ्यांना जोडलेली असते हे प्रत्येकाला समजावून सांगतो. तिला दोन टोकं आहेत, दोन्हीकडून आग लागू शकते, फ्यूज दोन्हीकडे हवा.

अर्थिंग चेसिसला दिलं तर चालतं का?

चालतं, पण रंग आणि गंज घासून पत्रा चमकेपर्यंत साफ करून. बोल्ट घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. तपासायचं असं: इंजिन चालू ठेवून दुसऱ्या बॅटरीवर मोठा लोड द्या, मल्टीमीटरची एक पिन तिच्या निगेटिव्हवर आणि दुसरी पहिल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये दोष आहे. हौदा आणि चेसिस यांच्यात रबराचे गोळे असतात, त्यामुळे अर्थिंग हौद्याच्या पत्र्याला न देता सरळ चेसिसच्या रेल्सला द्या.

खाऱ्या हवेत हे सगळं टिकतं का?

टिकवलं तर टिकतं. पुण्याकडे जी जोडणी दहा वर्षं चालते ती आमच्याकडे दोन पावसाळ्यांत हिरवी पडते. बॅटरी कोणत्या कंपनीची घ्यावी यावर लोक तासभर वाद घालतात आणि थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबायला साधी पक्कड वापरतात. कोकणात ही यंत्रणा मरते ती सांध्यांत.

खारा वारा तांब्याच्या तंतूंमधून आत शिरतो. आवरणाखाली फूटभर आतपर्यंत वायर काळी झालेली मी स्वतः सोलून पाहिली आहे. बाहेरून वायर नवी दिसते, मल्टीमीटरने नुसते मोजले तर व्होल्टही बरोबर येतात, आणि लोड दिला की सगळं बंद पडतं. कारण काळ्या पडलेल्या तांब्यातून थोडा करंट जातो, जास्त जात नाही.

मासेमारीच्या बोटींवर हे फार आधीपासून माहीत आहे. हर्णे, मिरकरवाडा, मालवण, जे बंदर जवळ असेल तिथे बोटींच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाला गाठा आणि कथिलाच्या मुलाम्याची वायर कुठे मिळते ते विचारा. गाडीचा वायरमन जे शिकवणार नाही ते तो शिकवेल. वायरचं टोक कधी उघडं ठेवायचं नाही. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलनेच दाबायची, हातोडीने ठोकायची नाही. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायची आणि कडेने गोंद बाहेर येईपर्यंत तापवायची. काळी इन्सुलेशन टेप इथे चालत नाही. दमट हवेत तिचा गोंद सुटतो आणि आत पाणी धरून ठेवतो.

टर्मिनल आधी घट्ट करायचं, मग वरून पेट्रोलियम जेलीचा थर. उलट करू नका. पात्यांचे छोटे फ्यूज असलेली पेटी घ्यायची तर झाकणाला रबर असलेली, आणि उभी बसवायची, वायरी खालून आत जातील अशी. प्रत्येक वायरला पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या. पाणी त्या झोळावरून टपकतं, आत जात नाही. कौलारू घराच्या पन्हळीचंच तत्त्व आहे हे.

मृगाआधी एकदा आणि दसऱ्याला गाडी धुऊन पुजायची तेव्हा एकदा, प्रत्येक सांधा हाताने हलवून बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, पुन्हा जेली लावा.

उंदीर वायरी खातात. उपाय?

जाड कोरुगेटेड पाइप आणि गाडी वापरात ठेवणं. पावसात गाडी आठवडाभर मांगराशेजारी उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये येणारच. तंबाखूची पानं ठेवतात लोक, वास असेपर्यंत उपयोग होतो.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) दुसऱ्या बॅटरीवर चालवू का?

नको. ९,५०० पौंडांची विंच पूर्ण ताणावर ४०० अँपिअरच्या आसपास ओढते. तेवढा करंट १०० अँपिअरच्या बीएमएसमधून जात नाही, बॅटरी स्वतःला बंद करून घेते. विंच पहिल्या बॅटरीवर, तिच्या स्वतःच्या जाड वायरीने, आणि इंजिन चालू ठेवूनच. थोडं ओढा, थांबा, बॅटरीला श्वास घेऊ द्या, पुन्हा ओढा.

पहिली बॅटरी उतरली तर दुसरीवरून सेल्फ लागेल?

व्हीएसआरला हाताने जोडायचं बटण असेल आणि मधली वायर ३५ स्क्वेअर एमएमची असेल, तर लागेल. डीसी-डीसी चार्जरमधून लागणार नाही, त्याच्यातून २५-३० अँपिअरच जातात. अशा गाडीत चांगली जंपर केबल ठेवा. दुसरी बॅटरी एजीएम असेल तर केबल लावून थेट सेल्फ मारता येतो. लिथियम असेल तर दहा मिनिटं केबल लावून पहिलीला थोडं भरू द्या, केबल काढा, मग सेल्फ मारा.

किती चालवल्यावर भरते?

२५ अँपिअरचा चार्जर तासाला जास्तीत जास्त २५ अँपिअर-अवर देतो. गुहागरहून चिपळूणला जाऊन आलात तर अडीच तास धरा, म्हणजे ६० च्या आसपास परत आले. आमचं रात्रीचं ७० त्यात जवळजवळ भरून निघतं. नुसतं घर ते सडा, सडा ते घर असेल तर भरत नाही. तेव्हा टपावर १०० वॅटचं सोलर पॅनल आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा) लावा. फेब्रुवारी ते मे दिवसाला २५-३० अँपिअर-अवर मिळतात. जुलैत त्याच्यावर विसंबू नका, आभाळच फाटलेलं असतं.

वादळात वीज गेली तर घराला उपयोग होईल?

होतो, आणि तोच आमच्या घरच्यांना पटलेला मुद्दा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइल चार्ज करायला लोक मैलभर चालत जात होते. आमच्याकडे वीज त्यामानाने लवकर आली, पण दुसरी बॅटरी घ्यायची हे त्याच महिन्यात ठरलं.

घरात वापरताना शक्य ते १२ व्होल्टवरच चालवा. एलईडी पट्ट्या, मोबाइल, १२ व्होल्टचा राउटर, छोटा पंखा. इन्व्हर्टर लावून साधा ७० वॅटचा छताचा पंखा चालवला तर बॅटरीतून ६-७ अँपिअर जातात, १२ व्होल्टचा टेबल पंखा दीड-दोन अँपिअरमध्ये काम करतो. म्हाताऱ्या माणसासाठी नेब्युलायझर लागत असेल तर १५० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर वेगळा ठेवा आणि वादळाच्या आधीच एकदा जोडून बघा. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप यावर नाही. आणि बॅटरी भरायला बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नका. डिझेलचा धूर झोपलेल्या माणसाला कळत नाही.

काम स्वतः करू की वायरमनकडून?

वायरी ओढणं, पेटी बसवणं, ट्रे लावणं स्वतः करा, त्यात तुम्ही वायरमनपेक्षा जास्त वेळ देता. क्रिंपिंग ज्याच्याकडे टूल आहे त्याच्याकडून. क्रम एकच लक्षात ठेवा: काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. पाना पॉझिटिव्ह आणि चेसिसला एकदम टेकला तर तो जागीच वितळतो. फ्यूज सगळ्यात शेवटी घाला.

ॲसिड अंगावर उडालं तर सोडा वगैरे न शोधता भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच दवाखाना गाठा.

वॉरंटी, विमा, आरटीओ?

मूळ वायरिंग कापलं की वॉरंटीचा वाद उभा राहतो, म्हणून कापू नका. बॅटरी टर्मिनलवरून स्वतंत्र वायर घ्या, इग्निशनचा सिग्नल फ्यूज टॅपने घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. बॅटरीने तो पडत नाही, पण तिचं आणि पेटीचं वजन तुमच्या मालाच्या वजनात धरलं जातं हे विसरू नका.

सगळं बसवलं, आता किनाऱ्यावर गाडी घालून मुक्काम करता येईल?

वाळूत घालू नका, कळकळीने सांगतो. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली घरटं गेलं तर दिसतसुद्धा नाही. आणि खारं पाणी चेसिसच्या पोकळीत शिरलं की वर लिहिलेली सगळी मेहनत वाया. सुरुच्या बनापलीकडे, रस्त्यावर उभी करा आणि चालत जा.

पुराच्या पाण्यात गाडी गेली तर?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर असा प्रश्न विचारणारे खूप होते. पाणी उतरल्यावर चावी फिरवू नका. दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह काढा, मग फ्यूज. एजीएम बाहेरून धुऊन, वाळवून, दोन दिवस ठेवून १२.४ च्या वर राहिली तर बहुधा वाचते. लिथियमच्या पेटीत पाणी गेल्याचा संशय असेल तर ती चार्ज करू नका, घरात आणू नका. मोकळ्या जागेत, गवत आणि लाकडांपासून लांब ठेवा आणि विक्रेत्याला बोलवा. डीसी-डीसी चार्जर सीलबंद असेल तर गोड्या पाण्याने धुऊन वाळवून बघायला हरकत नाही. फ्यूजच्या पेट्या आणि बुडालेल्या थिंबल मात्र सरळ नव्या घाला.

जुनी बॅटरी कुठे द्यायची?

नवी घेता त्याच दुकानात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची व्यवस्था करणं उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि लेड-ॲसिडला वजनावर पैसेही मिळतात. फिरत्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ॲसिड वाटेत कुठेतरी ओततो, आणि जांभ्याच्या जमिनीतून ते विहिरीत जायला वेळ लागत नाही.